पानांची साक्ष कोण नोंदवणार?

तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदाराला पान वाचता येते. खरड छाटणीनंतर ठराविक दिवसांनी, ठराविक डोळ्यावरील पानांचे देठ तोडून तो प्रयोगशाळेत पाठवितो, आणि नत्र किती, पालाश किती, मॅग्नेशियम कमी पडले काय, याचा हिशेब कागदावर घेऊन येतो. देठ परीक्षण हा आता बागेच्या खर्चातील एक नेहमीचा रकाना झाला आहे. मुळांनी जमिनीतून काय घेतले हे पान सांगते, यावर त्याचा विश्वास बसला, कारण त्याच्या पुढल्या हंगामाचे पैसे त्यावर अवलंबून असतात. परंतु तेच पान हवेतूनही काही घेत असते, आणि जे घेतले ते लपवून ठेवीत नाही. ही दुसरी गोष्ट मात्र ना बागायतदाराने मनावर घेतली, ना त्याच्यावर राज्य करणाऱ्यांनी.

बागेपासून हाकेच्या अंतरावर खडी क्रशर सुरू होतो. माघ-फाल्गुनात वेलीची पाने पांढुरकी दिसू लागतात, घडांवर पुटे चढतात, व्यापारी भाव पाडून मागतो. शेतकरी अर्ज घेऊन कचेरीत जातो. तेथे त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुरावा काय? त्याने पांढरे पडलेले पान टेबलावर ठेवले, तर ही धूळ रस्त्याची कशावरून नसेल, असे त्याला ऐकावे लागते. प्रश्न गैर आहे असे म्हणता येणार नाही. पण ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याने पुरावा आणावा, आणि ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याने ते गावाकडे कधी आणू नये, ही व्यवस्था मात्र गैर आहे.

सातारा आणि सांगली हे १९४९ च्या ऑगस्टपर्यंत एकाच जिल्ह्याचे दोन भाग होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा कागदावर पडली. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांतील हवा मात्र एकच राहिली. दसरा-दिवाळी झाली की साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटतात आणि चैत्राच्या आसपास विझतात. भट्टीत बगॅस जळतो, त्याची काळी राख दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि अंगणातल्या पाणी भरलेल्या घागरींवर उतरते. फडात पाचट पेटविले जाते. तोड सोपी व्हावी म्हणून कधी उभा ऊसच पेटविला जातो, मग जळीत उसाच्या नावाखाली शेतकऱ्याच्या बिलातून कपात होते. त्या धुरात कोयता चालविणारा मजूर बीडकडून आलेला असतो. त्याची कोपी फडाच्या कडेलाच असते आणि तिच्यात तान्ही मुले निजलेली असतात. नदीकाठच्या वीटभट्ट्या याच दिवसांत लागतात. शिवाय पुणे-बंगळूर महामार्गावरून शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड अशी अहोरात्र धावणारी मालमोटारींची रांग आहेच. पाऊस नाही, वारा पडलेला, पहाटे खोऱ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत दाबून बसलेला. वर्षातले हे पाच-सहा महिने या दोन्ही जिल्ह्यांच्या छातीवर बसणारे महिने आहेत.

या काळात हवा मोजते कोण? केंद्र सरकारने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेचे विहित प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील जी शहरे आली, त्यांत सांगलीचे नाव आहे. साताऱ्याचे नाव नाही. याचा अर्थ साताऱ्याची हवा निर्मळ आहे असा कोणी घेऊ नये. जेथे अनेक वर्षे मोजमाप होते तेच ठिकाण अशा यादीत येऊ शकते, आणि मुळात हा कार्यक्रमच शहरांचा आहे. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या तालुक्यांतील गावांना त्यात जागा नाही. धूर मात्र तेथेच अधिक आहे. शहरातील हाताने चालविल्या जाणाऱ्या केंद्रांचीही रीत अशी, की आठवड्यातून दोन दिवस, वर्षातून १०४ दिवस नमुना घ्यावयाचा. उरलेल्या दिवसांत हवेने काय केले याची नोंद नाही. या कार्यक्रमाच्या खर्चाचा हिशेब दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये मांडला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरील धूळ आवरण्यावर गेल्याचे आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही न आल्याचे दिसून आले. पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या घेणे सोपे असते. चिमणीकडे बोट दाखविणे अवघड असते, विशेषतः चिमणीचा मालक आणि सभागृहातील सभासद एकच असेल तेव्हा.

ज्या दिवसांत यंत्र गप्प असते त्या दिवसांतही झाड हवेत उभे असते, हा या विषयाचा गाभा आहे. पानाच्या पृष्ठभागावर धूळ बसते, पर्णरंध्रांतून वायू आत शिरतात, आणि दोन्हींच्या खुणा उरतात. ही कल्पना नवी नाही. विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवरचे दगडफूल तपासले आणि शहराच्या इतर भागांतून नाहीसे झालेले प्रकार तेथे टिकून आहेत, म्हणजे तेथील हवा अधिक चांगली आहे, असे दाखवून दिले. आपल्या घराघरांतल्या मसाल्यात पडते त्याच कुळातले हे दगडफूल. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या ओल्या रानात, ते झाडांच्या सालीवर दाटीने वाढते. गंधकाचा धूर त्याला सोसत नाही. इंग्लंडमध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० मध्ये यावरून हवेची प्रतवारीच बसविली. खाली कृष्णाकाठच्या कोरड्या मुलखात मात्र दगडफुलाचा फारसा उपयोग नाही. तेथे पानाकडेच वळावे लागते.

पानाकडून साक्ष काढण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. सर्वांत साधी रीत धुळीची. एकाच जातीच्या झाडाची, सारख्या उंचीवरची, सारख्या वयाची पाने तोडावयाची. शुद्ध पाण्याने आणि मऊ कुंचल्याने ती एका आधी वजन केलेल्या बशीत धुवावयाची. पाणी आटवून उरलेल्या धुळीचे वजन करावयाचे आणि आलेख-कागदावर पान ठेवून त्याचे क्षेत्रफळ काढावयाचे. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम धूळ, हा आकडा हाती येतो. मिलिग्रॅम दाखविणारा तराजू कोणत्याही विज्ञान महाविद्यालयात असतो. बाकीचे काम दहावीच्या मुलाला जमण्यासारखे आहे.

दुसरी रीत झाडाच्या प्रकृतीची. बनारस हिंदू विद्यापीठातील सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये एक सूत्र मांडले. पानातील क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, अर्काची आम्लता आणि पाण्याचे सापेक्ष प्रमाण या चार गोष्टी मोजून झाड प्रदूषण किती सोसू शकते याचा एक अंक काढता येतो. ज्यांचा अंक कमी ती झाडे हळवी. हवा बिघडल्याची पहिली वर्दी तीच देतात. भारतभरच्या विद्यापीठांतून या सूत्रावर आजवर असंख्य प्रबंध लिहिले गेले. त्यांतले बहुतेक ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर पडले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तिसरी रीत अधिक नवलाची आहे. गाड्यांच्या इंजिनांतून, झिजणाऱ्या ब्रेकमधून आणि भट्ट्यांच्या राखेतून लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण उडतात. ते पानावर बसतात. प्रयोगशाळेत त्या पानाला प्रबळ चुंबकीय क्षेत्र दाखविले, की कण चुंबकित होतात आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही ती चुंबकता टिकून राहते. ती जितकी जास्त, तितके कण जास्त. बेल्जियममधील अँटवर्प येथे २०१४ मध्ये विद्यापीठाने शेकडो घरांना स्ट्रॉबेरीची रोपे खिडकीत ठेवावयास दिली, काही काळाने पाने गोळा केली, आणि कोणत्या गल्लीत वाहनांचा धूर किती याचा नकाशा काढला. खिडकीतली स्ट्रॉबेरी तेथल्या नागरिकाला अपूर्वाईची वाटली असेल. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात तर ती शेतात पिकते. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत हे शास्त्र जाणणारे लोक आहेत. म्हणजे पीकही येथले आहे आणि विद्याही फार दूर नाही. या दोहोंची गाठ घालून देणारा मात्र कोणी नाही.

आणि झाडांच्या साक्षीचे महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने भोपाळ आठवावे. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत कारखान्याच्या आसपासची झाडे निष्पर्ण झाली होती. कंपनी काय सोडले आणि किती सोडले याविषयी मौन धरून बसली होती, तेव्हा जळालेली पाने गॅस कोठवर पोहोचला ते सांगत होती.

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर ती बुवाबाजी होईल. पान हवेतील प्रदूषकाचे प्रमाण थेट सांगत नाही. दर घनमीटरला किती मायक्रोग्रॅम हे विचारल्यास ते निरुत्तर होते, आणि कायद्यातली सर्व प्रमाणे त्याच भाषेत आहेत. अवकाळीची एक सर आली की महिन्याभराची धूळ धुऊन जाते. पिंपळाचे गुळगुळीत पान लांब देठावर सतत सळसळत राहते, उंबराचे खरखरीत पान धूळ धरून ठेवते. तेव्हा पिंपळाची तुलना उंबराशी करणारा फसतो. कडुनिंब ऐन हंगामात पान गाळतो. पिवळे पडलेले प्रत्येक पान धुराचे बळी नसते, त्यामागे लोहाची कमतरता असते, पाण्याचा ताण असतो, कीडही असते. म्हणून पानाची साक्ष तुलनेनेच घ्यावी लागते: चिमणीच्या वाऱ्याखालचा आंबा आणि चार कोसांवरचा आंबा, गळीत हंगामापूर्वीचे पान आणि नंतरचे. येथे या ठिकाणी, या काळात, काही बिघडले आहे, असे पान सांगते. नेमके काय व किती हे यंत्राने सांगावयाचे. पान हे यंत्राचे प्रतिस्पर्धी नाही. यंत्र कोठे न्यावे याचा तो निर्देश आहे. एवढ्यानेच गावाची बाजू मजबूत होते, कारण आज यंत्र कोठे ठेवावयाचे हे गावाला विचारून ठरत नाही.

याच शास्त्राचा एक उलटा उपयोगही चालू आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. सोशिक झाडांची यादी निघाली, की कारखानदार तिच्यावर झडप घालतात. आवाराभोवती हरितपट्टा लावावा, त्यात अधिक अंकाची झाडे घ्यावीत, अहवालात छायाचित्रे जोडावीत आणि चिमणीवरील गाळणयंत्रणेचा विषय पुढच्या वर्षावर ढकलावा, असा हा व्यवहार आहे. झाडे धूळ अडवितात हे खोटे नाही. इंग्लंडमधील लँकेस्टर येथे घरांसमोर भूर्जाची रोपे ठेवली असता आतील सूक्ष्म कण निम्म्याहून अधिक घटल्याचे २०१३ मध्ये आढळले होते. परंतु जे झाड साक्षीला उभे राहावयाचे त्यालाच झाडूवाला करून टाकण्याची ही चतुराई आहे. सोशिक झाड लावले, म्हणजे पाने करपत नाहीत. पाने करपली नाहीत, म्हणजे तक्रार नाही. फडातल्या मजुराच्या फुप्फुसाचा सोशिकतेचा अंक मात्र अजून कोणी काढलेला नाही.

कायद्याची बाजूही पाहावयास हवी. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९८१ चा. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला चिमणीच्या धुराचा नमुनाच न्यायालयात पुरावा ठरतो. ती पद्धत सुटली तर मंडळाचा स्वतःचा नमुनाही बाद होतो. मग गावकऱ्याने आणलेल्या पानाची काय कथा! मात्र ४३ व्या कलमात एक दार आहे. कोणाही व्यक्तीने ६० दिवसांची नोटीस दिल्यास तिला स्वतः न्यायालयात तक्रार करता येते, आणि मागणी केल्यास मंडळाने आपल्यापाशी असलेले अहवाल तिला दिले पाहिजेत. लगेच पुढे जोडलेले वाक्य असे, की लोकहिताला बाधक वाटल्यास मंडळ अहवाल नाकारू शकेल. लोकांच्या छातीत जाणाऱ्या धुराचा अहवाल लोकांनी पाहणे लोकहिताला बाधक कसे ठरते, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या कायद्याखालील अनेक अपराधांवरचा तुरुंगवास काढून तेथे पैशाचा दंड आणला. दंड हा ज्यांच्या ताळेबंदात सहज मावतो त्यांच्यावर त्याचा वचक किती राहणार? अशा वेळी ४३ व्या कलमाच्या दारापर्यंत जाण्यासाठी तरी गावाच्या हाती काही हवे. तीन हंगामांची पानांची वही हा न्यायालयीन पुरावा नसेल, पण अहवाल मागण्याचे आणि नमुना घेण्यास भाग पाडण्याचे ते सबळ कारण आहे.

वही लिहावयाची तर साक्षीदार जिवंत पाहिजेत. या भागातील साक्षीदारांची अवस्था महामार्गांच्या रुंदीकरणाने सांगितली आहे. रस्त्यांच्या दुतर्फा असलेले जुने वड एकामागून एक गेले. उंब्रजसारख्या गावांच्या नावांत झाड उरले, रस्त्यावर उरले नाही. जेथे धूर सर्वांत अधिक, तेथेच सर्वांत जुने आणि सर्वांत मोठ्या पर्णसंभाराचे झाड पडले. मिरज तालुक्यातील भोसे येथील वडाची हकिगत वाचकांना आठवत असेल. सुमारे ४०० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा तो वृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत येत होता. २०२० च्या जुलैत लोक त्याच्याभोवती उभे राहिले. राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला लिहिले, आणि रस्ता थोडा सरकला. लोकांनी रेटा लावला तर डांबरही वळते, हे तेव्हा दिसले. पुढे २०२२ च्या जूनमध्ये वादळी पावसात तो वड कोसळला. त्याच्या वाचण्याचा आनंद सर्वांनी केला, त्याच्या पडण्याचे दुःखही केले. मधल्या दोन वर्षांत महामार्गाचे काम आणि वाहतूक त्याच्या पानांवर काय लिहीत होती ते मात्र कोणी वाचून ठेवले नाही. राज्याने २०२१ मध्ये शहरी भागातील ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानण्याची तरतूद केली. भोसेसारखी खेड्यातली झाडे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

लोकांनी स्वतः मोजावे ही गोष्ट या मातीला परकी नाही. खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या दुष्काळग्रस्तांनी ऐंशीच्या दशकात येरळेवर बळीराजा धरण उभारले, ते आधी नदीतील वाळूचा आणि पाण्याचा हिशेब स्वतः समजून घेऊन. नदीचे पात्र उपसून नेणाऱ्या ठेकेदारांशी ते भांडले, ठराविक वाळू विकून पैसा उभा केला, आणि भूमिहीनासही पाण्यात वाटा हवा असे तत्त्व मांडले. शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत आले, त्यांच्या डोक्यावर बसले नाहीत. पाण्याचा हिशेब जमला तो हवेचा जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. हवा तर सातबाऱ्यावर कोणाच्याच नावाने चढलेली नाही.

यासाठी नवे महामंडळ नको. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत तराजू आहेत, रसायने आहेत, आणि प्रबंधाचा विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. शाळेने आपल्या शिवारातील पाच आंबे आणि पाच वड नक्की करावेत, चिमणीच्या, भट्टीच्या आणि महामार्गाच्या बाजूचे काही, दूरचे काही. त्यांना क्रमांक द्यावेत. महिन्यातून एकदा पाने महाविद्यालयात जावीत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर यावेत, पिकाच्या भावांशेजारी. ग्रामसभेत ते वाचले जावेत. सलग दोन महिने एखाद्या बाजूचे आकडे दुप्पट दिसले, तर मंडळाने आपले फिरते यंत्र पंधरा दिवसांत तेथे आणावे, एवढी एक मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या पंचायतींनी ठरावाने करावी. ऊसतोड मजूर या गावांचे मतदार नसतात, फलकावर त्यांचे कोणी वाचणार नाही, ही शंका खरी आहे. म्हणून कोप्या ज्या फडाशेजारी पडतात तेथले एक झाड यादीत असलेच पाहिजे.

परतीचा पाऊस पाने धुऊन जातो. त्यानंतर कारखान्यांचे बॉयलर पेटेपर्यंत मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांतले स्वच्छ पान हे वहीतले पहिले पान.